साठातले दोन

एका चौरस मीटरमध्ये एक अळी. मुळं खाणाऱ्या हुमणीच्या बाबतीत कृषी विद्यापीठं धोक्याची रेघ इथे ओढतात. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला ही मर्यादा फारच सावध वाटते. एवढ्या जागेत एक अळी खाऊन खाऊन काय खाणार? पण शेत हेक्टरात मोजायचं असतं आणि एका हेक्टरात असे १०,००० चौरस मीटर बसतात. म्हणजे रेघ गाठली त्या दिवशी शेताच्या पोटात दहा हजार अळ्या असतात. जोराचा प्रादुर्भाव असेल तर हा आकडा हेक्टरी २५ ते ५० हजारांवर जातो आणि उसाचं नुकसान १५ ते २० टनांपर्यंत होतं, असं ऊसपट्ट्यातले कृषी सल्ले सांगतात. २०२४-२५ च्या हंगामात उसाची एफआरपी (रास्त आणि किफायतशीर दर) साखरेच्या १०.२५ टक्के उताऱ्याला टनामागे ३,४०० रुपये होती. त्या हिशेबाने १५ टन म्हणजे ५१ हजार रुपये आणि २० टन म्हणजे ६८ हजार. तोडणी-वाहतूक वजा होण्याआधीचे का होईना, एवढे पैसे एका हेक्टरच्या मातीत कुणाच्या नजरेला न पडता खाल्ले जातात.

हुमणीचे आकडे ऐकले की छातीत धस्स होतं. पण हेच आकडे शेवटपर्यंत मांडले, तर या किडीला कुठे गाठायचं तेही त्यांच्यातूनच कळतं. म्हणून हा हिशेब प्रत्येकाने एकदा तरी स्वतः करून पाहावा, मग त्याचा दहा एकर ऊस असो, दोन गुंठ्यांची रोपवाटिका असो की घरापुढची हिरवळ.

बेटाखाली काय असतं

ऑगस्टमध्ये उसाच्या सरीतून चालताना मध्येच एखादं बेट पिवळं पडलेलं दिसतं. शेजारची बेटं हिरवीगार असतात आणि पाण्याची ओढही नसते. पिवळा ऊस धरून ओढला तर फार जोर न लावता हातात येतो, कारण त्याला जमिनीत धरून ठेवायला मुळंच उरलेली नसतात. तिथे कुदळ मारून वीतभर माती बाजूला केली की ती दिसते. पिवळसर पांढरी, अर्धवर्तुळात मुरडलेली, दोन पेरांएवढी. डोकं तांबूस आणि टणक, पुढे पायांच्या तीन जोड्या, आणि मागच्या टोकाला ताणलेल्या कातडीखालून काळसर माती दिसत असते. तळहातावर घेतली तर ती सरळ होत नाही. अंगाचं वेटोळं तसंच ठेवून कुशीवर पडून राहते. एका बेटाखाली एक सापडली तर सुदैव म्हणायचं. एकाच बेटाखाली वीसपर्यंत अळ्या सापडल्याच्या नोंदी आहेत.

आपल्याकडे हुमणीच्या दोन जाती विशेष त्रास देतात. कृष्णा, वारणा, पंचगंगेच्या काठच्या जमिनीत ल्युकोफोलिस लेपिडोफोरा ही नदीकाठची हुमणी असते, तर होलोट्रिकिया सेराटा ही माळावरची. काही भागांत हुमणीला उन्नी म्हणतात. ऊस, भुईमूग, ज्वारी, मिरची, भाजीपाला, रोपवाटिकेतली कोवळी रोपं, गवत, जिथे मुळं तिथे ती. पुढचे सगळे हिशेब माळावरच्या हुमणीचे आहेत.

तिचं वर्ष असं जातं. मादी जमिनीत एकेक करून सरासरी साठ अंडी घालते. प्रत्येक अंडं ज्वारीच्या दाण्याएवढं. ती ९ ते २४ दिवसांत उबतात. अळीची अवस्था ५ ते ९ महिने चालते आणि तिच्यात तीन टप्पे असतात. पहिल्या टप्प्यातली बारीक अळी सेंद्रिय पदार्थ आणि तंतुमुळांवर भागवते. तिसऱ्या टप्प्यातली अळी सगळ्यांत खादाड, आणि उसाला तीच संपवते. मग २० ते ४० दिवसांचा कोष, आणि कोषातून निघालेला भुंगेरा लगेच वर न येता जमिनीतच वळवाच्या पावसाची वाट पाहत बसतो. वर्षाला एक पिढी, त्याहून जास्त नाही. माव्याच्या किंवा पांढऱ्या माशीच्या तुलनेत हा वेग अगदीच संथ. तरीही ही कीड एवढा धिंगाणा घालते, याचं कारण साठ या आकड्यात आहे.

साठ गुणिले तीस

एक मादी घेऊ. तिची साठही अंडी उबली, साठही अळ्या जगल्या, साठही भुंगेरे झाले असं धरू. त्यात निम्म्या माद्या. पुढच्या वर्षी त्या तीस माद्या प्रत्येकी साठ अंडी घालतील.

पहिल्या वर्षाअखेर भुंगेरे ६०.
दुसऱ्या वर्षी १,८००.
तिसऱ्या वर्षी ५४,०००. एवढ्याने एका हेक्टरचा ऊस आडवा होतो.
चौथ्या वर्षी १६ लाख २० हजार.
पाचव्या वर्षी ४ कोटी ८६ लाख.
सहाव्या वर्षी १४५ कोटी ८० लाख, म्हणजे जवळपास भारतातल्या माणसांएवढे.
सातव्या वर्षी ४,३७४ कोटी.
आठव्या वर्षी १ लाख ३१ हजार २२० कोटी.

हा शेवटचा आकडा डोक्यात मावत नाही, म्हणून तो जमिनीवर पसरून पाहू. हेक्टरी ५० हजारांच्या दाटीने या अळ्या पसरल्या तर २ लाख ६२ हजार चौरस किलोमीटर जमीन लागेल. महाराष्ट्राचं क्षेत्रफळ ३ लाख ७ हजार ७१३ चौरस किलोमीटर आहे. एका मादीच्या वंशाने आठ वर्षांत सह्याद्रीचे कडे, धरणं, शहरं, रस्ते सगळं धरून राज्याचा ८५ टक्के भाग व्यापला असता.

तसं होत नाही. हुमणी आपल्या मातीत माणसाच्या आधीपासून आहे आणि महाराष्ट्र अजून हिरवा आहे. याचा अर्थ साठांतल्या बहुतेक मरतात. किती? ज्या शेतात हुमणी वर्षानुवर्षं सारखीच राहते, वाढत नाही की घटत नाही, तिथे एका नर-मादीच्या जागी पुढच्या वर्षी एकच नर-मादी उभी राहते. म्हणजे साठांतले दोन जगतात आणि अठ्ठावन्न मरतात. फवारणी नाही, आळवणी नाही, कुणी कुदळही मारलेली नाही, तरी दरवर्षी ९७ टक्के मरण ठरलेलं.

आता यातला एक आकडा किंचित हलवू. दोनच्या जागी चार जगल्या तर? अजूनही छप्पन्न मेल्या, म्हणजे ९३ टक्के मरण झालंच. कुणालाही वाटेल की सगळं आटोक्यात आहे. पण कीड दरवर्षी दुप्पट होते. ज्या शेतात हेक्टरी फक्त १,००० अळ्या आहेत, दहा चौरस मीटरमागे एक, जिच्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही, तिथे पुढची पाच वर्षं अशी जातात: २ हजार, ४ हजार, ८ हजार, १६ हजार, ३२ हजार. सहाव्या वर्षी शेतकरी डोक्याला हात लावून म्हणतो, यंदा अचानक हुमणी आली. अचानक काहीच आलेलं नसतं. पाच वर्षं ती दुप्पट होत होती आणि त्यातली तीन वर्षं धोक्याच्या रेघेखाली होती.

आणि दोनच्या जागी एक जगली तर? एकोणसाठ मेल्या, मरण ९८ टक्के. आता तीच शिडी उलटी उतरते. ३२ हजारांच्या १६, मग ८, ४, २, आणि पाचव्या वर्षी १ हजार.

९३ टक्के मरणाने शेत उद्ध्वस्त होतं, ९८ टक्के मरणाने शेत वाचतं. मधलं अंतर पाच टक्क्यांचं, म्हणजे साठांतल्या तीन अळ्यांचं. हुमणीच्या साऱ्या आकडेमोडीत मला हा आकडा सगळ्यांत मोलाचा वाटतो. अठ्ठावन्नांची व्यवस्था आधीच झालेली आहे. आपल्या वाट्याला साठांतली एक उरते. पण ते अठ्ठावन्न कोण मारतं हे माहीत नसेल, तर त्या एकीच्या मागे लागून आपण मारणाऱ्यांनाच मारून बसतो.

अठ्ठावन्नांचे मारेकरी

अंडी घातल्यावर पावसाने मोठी उघडीप दिली तर कितीतरी अंडी मातीतच सुकतात. उबलेल्या अळ्यांना मुंग्या आणि मातीतले शिकारी कीटक गाठतात. नांगर चालला की मागोमाग बगळे, कावळे, साळुंक्या उतरतात आणि उघड्या पडलेल्या अळ्या व भुंगेरे टिपतात. उन्हाळ्यातली खोल नांगरट म्हणूनच महत्त्वाची, आणि ती दिवसाउजेडी, पक्षी हिंडत असताना केलेली बरी. याखेरीज मातीत बुरशी आहे, जिवाणू आहेत, सूत्रकृमी आहेत. यांतल्या कुणाच्याही वाट्याला साठांतल्या दहा-वीसच येत असतील, पण सगळे मिळून अठ्ठावन्नांपर्यंत पोहोचतात.

हे मारेकरी नसले तर काय होतं, याचं उदाहरण अमेरिकेत घडून गेलं आहे. १९१६ साली न्यू जर्सी राज्यातल्या रिव्हर्टन गावाजवळच्या एका रोपवाटिकेत हिरव्या-तांब्या रंगाचे, चकाकणारे डझनभर भुंगेरे सापडले. ते जपानी भुंगेरे होते, पॉपिलिया जपोनिका. अवघ्या तीन वर्षांनी, १९१९ मध्ये, त्या भागात एक माणूस एका दिवसात हाताने २०,००० भुंगेरे गोळा करू शकत होता. हाच भुंगेरा जपानमध्ये शतकानुशतकं राहतो आणि तिथे त्याचा फारसा बोभाटा नाही. दोन्हीकडे मादी तेवढीच, ४० ते ६० अंडी घालते. फरक आहे तो मरणाऱ्यांच्या आकड्यात. जपानमधले त्याचे शत्रू समुद्र ओलांडून त्याच्याबरोबर गेले नाहीत आणि अमेरिकेत त्याच्या अळ्यांना गवताची अमर्याद पंगत मांडलेली मिळाली. उपग्रहचित्रांवरून केलेल्या अंदाजानुसार अमेरिकेतल्या हिरवळीचं क्षेत्र सुमारे १ लाख ६० हजार चौरस किलोमीटर आहे, अर्ध्या महाराष्ट्राहून जास्त. या एका भुंगेऱ्याच्या बंदोबस्तावर तिथे वर्षाला ४६ कोटी डॉलरहून अधिक खर्च होतो. आज त्याच न्यू जर्सीत मोठ्या संख्येने मराठी कुटुंबं राहतात, आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये त्यांच्या अंगणातलं गवत ठिकठिकाणी तपकिरी पडू लागलं, तर खाली त्या डझनभर भुंगेऱ्यांचे वंशज असण्याचा संभव मोठा असतो.

दोन हजार टन माती

आपल्याकडे हुमणी म्हटलं की अजूनही पहिला हात औषधाच्या पुडीकडे जातो. कित्येक वर्षं थिमेट, म्हणजे फोरेट, उसाच्या सरीत मुठीमुठीने टाकलं गेलं. अतिशय विषारी असलेल्या या कीडनाशकाचा वापर देशात २०२० च्या अखेरीपासून बंद झाला. इतर औषधं आहेत, आणि शिफारशीप्रमाणे वेळेवर वापरली तर त्यांचा उपयोगही होतो. पण त्यांच्यापुढचं काम केवढं आहे ते पाहू.

एका हेक्टरमधल्या वरच्या पंधरा सेंटीमीटर मातीचं वजन साधारण दोन हजार टन भरतं. म्हणजे वीस लाख किलो. तिच्यात ५० हजार अळ्या आहेत आणि एका अळीचं वजन दोन ग्रॅम धरलं, तर साऱ्या हुमणीचं वजन झालं शंभर किलो. वीस हजार किलो मातीमागे एक किलो हुमणी. काही किलो दाणेदार औषध वीस लाख किलो मातीत टाकून त्याने नेमकं या शंभर किलोंना गाठावं अशी आपली अपेक्षा असते. त्यातही माती वरून सुकली की अळी खाली सरकते आणि औषध वरच राहतं. मोठी झालेली अळी लहान अळीपेक्षा चिवट असते, आणि नुकसान डोळ्यांना दिसतं ते ती मोठी झाल्यावरच.

समजा औषधाने उत्तम काम केलं आणि ८० टक्के अळ्या मारल्या. ५० हजारांच्या १० हजार झाल्या. पण त्याबरोबर मुंग्या, शिकारी कीटक आणि बुरशीही मेली, आणि साठांत दोन जगण्याऐवजी चार जगू लागल्या, तर पुढच्या वर्षी २० हजार, त्यानंतर ४० हजार आणि तिसऱ्या वर्षी जमिनीने आणि मुळांनी पोसल्या तर ८० हजार. एका हंगामात केलेलं काम तीन हंगामांत पुसलं जातं. औषध कधी घ्यायचं आणि किती, हे ठरवताना हा पुढचा हिशेब समोर असायला हवा.

८,७६० तासांतले पन्नास

वर्षाचे तास ८,७६०. त्यांतले बहुतेक सगळे हुमणी जमिनीखाली काढते, अंडं म्हणून, अळी म्हणून, कोष म्हणून, आणि भुंगेरा होऊनही. तिला जमिनीवर यावंच लागतं ते फक्त खायला आणि जोडीदार शोधायला. मे-जूनमध्ये वळवाचा चांगला पाऊस पडून माती भिजली की सूर्यास्तानंतर, साडेसातच्या सुमाराला, भुंगेरे जमिनीतून निघतात आणि जवळच्या कडुनिंबावर, बाभळीवर, बोरीवर जातात. रात्रभर पाला खातात, तिथेच त्यांचं मीलन होतं, आणि उजाडायच्या आत पुन्हा मातीत शिरतात. हा जोर तीन-चार आठवडे राहतो. पंचवीस संध्याकाळी आणि प्रत्येक संध्याकाळी त्यांना पकडायला दोन तास धरले, तर होतात पन्नास तास. वर्षाचा एक टक्कासुद्धा नाही. तेवढ्या वेळात दोन हजार टन मातीत विखुरलेली सगळी कीड आपल्या पायांनी चालत, पंखांनी उडत दोन-चार झाडांवर येऊन बसते.

अशा वेळी कडुनिंबाखाली उभं राहावं. दिवस बुडाल्यावर आधी एक-दोन घोंघावत येतात, मग पंधरा-वीस मिनिटांत झाडाभोवती सगळीकडून भणभण सुरू होते. पाठोपाठ ती थांबते आणि पानं कुरतडल्याचा बारीक आवाज येऊ लागतो. बॅटरीच्या उजेडात तांबूस-तपकिरी भुंगेरे डहाळीच्या टोकाला लगडलेले दिसतात, कितीतरी जोडीने. फांदीला लांब काठीने हिसडा दिला की खाली अंथरलेल्या ताडपत्रीवर टपटप आवाज होतो. पडलेला भुंगेरा लगेच उडत नाही, काही क्षण पाय आखडून पडून राहतो. तेवढ्यात ताडपत्रीची कडा उचलून सगळे बादलीत लोटायचे. बादलीत रॉकेल मिसळलेलं पाणी ठेवण्याची शिफारस आहे. रॉकेल मिळत नसेल तर साबणाचा दाट फेस केलेलं पाणी चालतं, त्यातून त्यांना वर येता येत नाही.

त्या बादलीत पाचशे भुंगेरे जमले असं धरू. निम्म्या माद्या, म्हणजे अडीचशे. प्रत्येकीची साठ अंडी, एकूण पंधरा हजार. एका हेक्टरवर ती पसरली तर चौरस मीटरला दीड, म्हणजे धोक्याच्या रेघेच्या दीडपट. साऱ्यांची सगळी अंडी घालायची बाकी असतील असं नाही आणि घातलेली सगळी जगली नसती हेही खरं. पण ऑगस्टमध्ये हेच काम करायचं झालं तर पंधरा हजार ठिकाणी कुदळ मारावी लागते. जूनमध्ये एका झाडाखाली दोघं-तिघं आणि एक बादली पुरते. वळवानंतरचे पहिले आठ दिवस सगळ्यांत मोलाचे, कारण तेव्हा पकडलेल्या मादीच्या पोटात अंडी बहुधा पूर्ण असतात. प्रकाश सापळेही त्याच दिवसांत लावायचे. पीक कोमेजलेलं दिसेपर्यंत थांबणारा शेतकरी वर्षातली ही एकमेव संधी कॅलेंडरवर न पाहताच घालवतो.

अब्जांची फौज

झाडावरून निसटलेल्या माद्यांची अंडी मातीत जाणारच. तिथून पुढे मातीतल्या मारेकऱ्यांचं बळ वाढवायचं असतं, आणि तिथे आकडे आपल्या बाजूने वाढू लागतात.

मेटारायझियम नावाची बुरशी घ्या. इल्या मेच्निकोव्ह यांनी १८७९ मध्ये ओडेसा परिसरात गव्हाचं नुकसान करणाऱ्या भुंगेऱ्याच्या अळीवर ती ओळखली. पुढे १९०८ मध्ये रोगप्रतिकारशक्तीवरच्या कामासाठी त्यांना नोबेल मिळालं. या बुरशीची शिफारस साधारण हेक्टरी वीस किलो, चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून. एका ग्रॅममध्ये दहा कोटी जिवंत बीजाणू असतील तर वीस किलोंत होतात दोन लाख कोटी. चौरस मीटरला वीस कोटी. त्यातला एखादा अळीच्या कातडीला चिकटून रुजला की पुरे. ती कातडी भेदून आत वाढतो, अळी मरते आणि कडक होऊन हिरवट बुरशीने झाकली जाते. तिच्यावर तयार झालेले नवे बीजाणू पुढच्या अळीच्या वाटेवर पडतात.

दुसरे सूत्रकृमी, हेटेरोऱ्हॅब्डिटिस इंडिका. लांबी अर्धा मिलिमीटर, नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसेल न दिसेल एवढी. बेंगळुरूच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरोने याची पाण्यात मिसळता येणारी भुकटी तयार केली आहे. नेहमीची मात्रा हेक्टरी अडीच अब्ज. म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला पंचवीस, आणि ५० हजार हुमणी असतील तर एकेका अळीमागे पन्नास हजार. एकापुढे एक ठेवले तर एका हेक्टरच्या सूत्रकृमींची रांग १,२५० किलोमीटर लांब होईल, मुंबई ते बेंगळुरू रस्त्याहून लांब. अळीच्या शरीरात शिरल्यावर हा सूत्रकृमी आपल्या पोटातले जिवाणू तिच्या रक्तात सोडतो आणि ती एक-दोन दिवसांत मरते. त्या मेलेल्या अळीतच सूत्रकृमींच्या पुढच्या पिढ्या वाढतात. एका अळीतून लाखभर बाहेर पडतात असं धरलं, तर २५ हजार अळ्या मेल्यावर पुन्हा अडीच अब्ज होतात. विकत घेतलेली पूर्ण मात्रा शेताने स्वतःच तयार केली. साठाच्या गुणाकाराला पुरून उरेल असा हा गुणाकार मातीतच आहे, आणि तो शेतकऱ्याच्या बाजूचा आहे.

या दोघांनाही ओल लागते आणि कडक ऊन सोसत नाही. म्हणून पाऊस सुरू झाल्यावर, संध्याकाळी, ओल्या मातीत, अळ्या लहान असतानाच ती द्यायची. ऑक्टोबरात उन्हात टाकली तर अब्जांचे आकडे कागदावरच राहतात.

कुंडीतली अळी आणि हिरवळीचा चौकोन

शहरात बाग करणाऱ्याला हुमणी भेटते ती बहुधा कुंडी उपसताना. शेणखताच्या ढिगात किंवा कुंडीत तशाच पांढऱ्या, मुरडलेल्या अळ्या निघतात आणि घाबरून सगळ्या मारल्या जातात. त्याआधी अळी सपाट फरशीवर ठेवून पाहावी. उताणी होऊन पाठीवर झपाझप सरपटू लागली तर ती फुलभुंगेऱ्याच्या कुळातली असते. ती कुजलेला पालापाचोळा खाते आणि खत तयार करते. तिला पुन्हा खताच्या ढिगात सोडावं. हुमणी पाठीवर चालत नाही. भुंगेऱ्यांच्या या कुटुंबात जगात तीस हजारांहून अधिक जाती आहेत आणि त्यांतल्या कितीतरी शेण, पाचोळा, कुजलेलं लाकूड संपवण्याचं काम करतात. मोजक्या जातींच्या रागाने बाकीच्यांवर विष घालणं म्हणजे अठ्ठावन्नांची साखळी स्वतःच्या हाताने तोडणं.

हिरवळीत गवत पिवळं पडून हाताने ओढलं की मुळांशिवाय सोलून निघत असेल, तर एक फूट लांब, एक फूट रुंद चौकोन तीन बाजूंनी कापून उलटवावा आणि खालच्या तीन इंच मातीतल्या अळ्या मोजाव्यात. आलेल्या आकड्याला अकराने गुणलं की चौरस मीटरचा अंदाज मिळतो. असे चार-पाच चौकोन वेगवेगळ्या जागी पाहावेत. अमेरिकेत सुदृढ हिरवळ जपानी भुंगेऱ्याच्या अळ्या चौरस फुटाला पाच-दहापर्यंत सोसते असं मानतात, कारण त्या अळ्या लहान असतात आणि पाणी-खत नीट मिळालेलं गवत मुळं पुन्हा फोडतं. आपली हुमणी आकाराने मोठी, त्यामुळे एवढी मोकळीक नाही. मोजणी मात्र दोन्हीकडे तीच, आणि न मोजता औषध ओतणं दोन्हीकडे चूक.

शंभरांतले दहा

आता शेवटचा हिशेब, आणि माझ्या मते सगळ्यांत निकडीचा. एका शिवारात शंभर शेतकरी, प्रत्येकी एक हेक्टर. नव्वद जणांनी सगळं वेळेवर केलं आणि दहा जणांनी काहीच केलं नाही. त्या दहा शेतांत हेक्टरी ५० हजारांप्रमाणे पाच लाख अळ्या वाढल्या. त्यांतला फक्त दहावा हिस्सा भुंगेरे होऊन वर आला, म्हणजे पन्नास हजार. भुंगेऱ्याला बांध कळत नाही. हे पन्नास हजार शिवारभर पसरले तर प्रत्येक हेक्टरच्या वाट्याला येतात पाचशे. म्हणजे कडुनिंबाखालच्या त्या बादलीएवढे: अडीचशे माद्या, पंधरा हजार अंडी, चौरस मीटरला दीड. नव्वद जणांची मेहनत दहा जणांच्या आळसाने एका पावसाळ्यात बरोबरीत आली.

हाच हिशेब उलट बाजूनेही खरा आहे. शंभर जणांनी मिळून वळवानंतरच्या पंधरवड्यात एक लाख भुंगेरे गोळा केले, तर माणशी येतात फक्त एक हजार. पंधरा संध्याकाळींत वाटले तर रोजचे सत्तरही नाहीत. त्या लाखात पन्नास हजार माद्या आणि त्यांची तीस लाख अंडी. तीनशे हेक्टरांवर चौरस मीटरला एक पडेल एवढी अंडी मातीत जायच्या आधीच संपली. एकट्याने दहा वर्षं औषधं ओतून जे साधत नाही, ते गावाने पंधरा संध्याकाळी दिल्या तर साधतं.

म्हणून मे उजाडला की गावात बसून एवढं ठरवायला हवं: शिवारातले कडुनिंब, बाभळी, बोरी कुठे कुठे आहेत, कुठल्या झाडाखाली कोण उभं राहणार, ताडपत्री कुणाची, प्रकाश सापळा कुठे लावायचा, मेटारायझियम आणि सूत्रकृमी आधी कुणी मागवून ठेवायचे. ज्याचा ऊस नाही, ज्याच्या बांधावर फक्त कडुनिंब आहे, त्यालाही या बैठकीत बोलवायला हवं, कारण भुंगेरे त्याच्या झाडावरही येतात. साखर कारखाने, सोसायट्या, ग्रामपंचायती यांनी ही मोहीम पेरणीइतक्याच गांभीर्याने घ्यावी अशी माझी कळकळीची विनंती आहे. सगळी हुमणी मारायची गरज नाही आणि ते शक्यही नाही. पाऊस, पक्षी, मुंग्या आणि बुरशी दरवर्षी साठांतल्या अठ्ठावन्न मारतात, त्यांना त्यांचं काम करू द्यावं. गावाने मिळून एकोणसाठावी मारली, तर साठांतली एकच उरते आणि शेत पाच वर्षांत जवळजवळ मोकळं होतं.